हरणाऱ्याची खुर्ची

आमच्या कॉलनीत बायकांचं टेनिस सुरू झालं ते शेणामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत.

नाहूरला आमच्या पंपांच्या कारखान्याची वसाहत होती. मी कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, नवरा सीताराम मशीन शॉपमध्ये फिटर. साहेबलोक मुलुंडच्या बाजूला नव्या बंगल्यांत राहायला गेले आणि बॉयलर हाउसमागचं त्यांचं टेनिस कोर्ट ओस पडलं. कामगारांनी ते ताब्यात घेतलं. उत्साह दांडगा, अक्कल बेताची. मुरूम टाकला, रोलर फिरवला, तरी खेळायला लागले की धुळीचे लोट उठायचे आणि टप्पा पडलेला बॉल जागीच झोपायचा. शेवटी आम्ही बायकाच पदर खोचून उतरलो. कोकणातल्या बाईला सारवायला शिकवावं लागत नाही, आणि आंध्रातल्या बाईलाही नाही, हे मला तेव्हा कळलं. नागमणी आणि मी एका टोकाकडून सुरुवात केली, बाकीच्या मागून आल्या. चार वेळा हात फिरल्यावर कोर्ट असं घट्ट बसलं, की त्यावर पडलेल्या बॉलची खूण पानावर उमटलेल्या अंगठ्यासारखी स्वच्छ दिसायला लागली.

पुरुष खूश. रॅकेटी घेऊन धावलेच. तेव्हा नागमणीने शेणाचे हात कमरेवर ठेवले आणि विचारलं, "अब हम लोग कब खेलेगा?"

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मीही खेळले. वाईट खेळले. पण माझी भाची क्षमा माझ्याकडे राहायला आली ती याच कोर्टावर खेळून मोठी झाली, आणि ही गोष्ट तिची आहे.

त्याआधी आमच्या स्पर्धेची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि पलीकडे अंधेरी-बोरिवलीकडूनही लोक खेळायला येत. पहिल्या वर्षी स्पर्धा कसली, तो दंगाच झाला. अंपायर म्हणून गुजराती माणूस बसवला की पंजाबी खेळाडू म्हणायचा, हा घाटकोपरवाल्यांचा. मराठी बसवला की मद्रासी म्हणायचे, हा शिवसेनेचा. स्कोअर इंग्रजीत सांगावा तर अर्ध्यांना तीसच्या पुढे अडखळायला व्हायचं. हिंदीत सांगावा तर फाउंड्रीतला एक तमिळ माणूस उठून उभा राहायचा आणि हिंदी का म्हणून विचारायचा. माझा नवरा तर दोनदा रॅकेट टाकून घरी आला होता, आणि दोन्ही वेळा मीच त्याला परत पाठवला होता.

राजाराम कांबळे म्हणून आमचे क्रेन ऑपरेटर होते, जालन्याकडचे. कमिटीत सगळ्यांत वडील, आणि टेनिसमध्ये सगळ्यांत कच्चे. त्यांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या. एक, जो मॅच हरेल त्यानेच त्या कोर्टावरच्या पुढच्या मॅचला अंपायरच्या खुर्चीवर बसायचं. जिंकणाऱ्याला पुढे खेळायचं असतं, हरणारा मोकळाच असतो, आणि बॉल कुठे कसा पडतो हे त्याला ताजं ठाऊक असतं. दुसरी, त्याने त्याच्या स्वतःच्या भाषेत स्कोअर सांगायचा.

"कांबळेमामा, कुणाला काय कळणार?" मी भांडले होते. "इथे काय भाषांचं संमेलन भरवायचंय?"

"वनमालाबाई," ते शांतपणे म्हणाले, "माणूस भांडतो कुठल्याबी भाषेत, पर मोजतो आईच्याच भाषेत. खोटं मोजायचं म्हणलं तर त्याची जीभ आधी अडखळंल. समोरच्याला कळंल, भाषा येवो नाही तर न येवो."

मला हे साफ खुळचटपणाचं वाटलं होतं. पण झालं काय, सात-आठ वर्षांत आमच्याकडच्या पोराटोरांना पंधरा, तीस, चाळीस हे सात भाषांतून यायला लागलं. मला तमिळमध्ये वांगी मागता येत नाहीत, पण पदिनंजु, मुप्पदु, नाप्पदु म्हणा, मी झोपेतही मान हलवीन. 'आत' आणि 'बाहेर' हे दोन शब्द तर सगळ्यांना सगळ्यांचे यायचे. तेवढ्या शब्दांवर आमचं अख्खं टेनिस चालायचं आणि भांडणं चक्क कमी झाली होती. का कमी झाली, ते मला कधी नीट सांगता आलं नाही. स्विचबोर्डवर दिवसभर माणसांना माणसं जोडून द्यायचं माझं काम, एकाच भाषेतली माणसं एकमेकांवर कशी खेकसतात ते मी रोज ऐकते. आणि इथे मात्र ही तऱ्हा. मनातल्या मनात मी थक्क व्हायचे, पण कांबळेमामांना तसं बोलून दाखवलं नाही. उगाच चढून बसले असते.

तर क्षमा. माझ्या दादाची, दत्तारामची मुलगी. दादा लालबागच्या गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी काही उघडली नाही आणि दादा वहिनीला घेऊन कणकवलीकडे गावी गेला. क्षमाला कॉलेजसाठी माझ्याकडे ठेवलं. दादा गावी गेला तो गप्पच झाला. जो माणूस गणपतीत रात्रभर भजनाला बसायचा, तो अंगणातल्या बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहतो, असं वहिनी सांगायची. क्षमाला हे सगळं माहीत होतं. तिला नोकरी हवी होती, आणि बापाला मुंबईत परत आणायचं होतं. हे ती कधी बोलली नाही, पण मी तिची आत्या आहे, मला का कळत नाही?

बॉयलर हाउसच्या भिंतीवर बॉल मारून मारून ही पोर शिकली. शहाऐंशी साली एका बँकेने खेळाडूंसाठी एक जागा काढली. क्षमा पदवीधर होती, टायपिंग झालेलं होतं. बँकेतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, टेनिस संघटनेची मान्यता असलेली एखादी स्पर्धा जिंकलेली हवी. उपविजेतेपद चालणार नाही. आणि नशीब बघा, त्याच वर्षी आमच्या स्पर्धेला पहिल्यांदा मान्यता मिळाली. मुदतीच्या आत दुसरी स्पर्धा नव्हती. जिंकली तर बँक, हरली तर परत भिंत.

घरी मी नवस वगैरे काही बोलले नाही. फक्त आठवडाभर सीतारामला मासळी आणायला लावली आणि तिला दोन तुकड्या जास्त वाढल्या. "खा गो," म्हटलं, "ताकद होई."

शनिवारी तिची सेमीफायनल राजमशी होती. राजम ही फाउंड्रीतल्या त्याच तमिळ माणसाची बायको. नऊवारीसारखा कासोटा मारून खेळायची आणि तिच्या नाकातली चमकी उन्हात चमकली की समोरच्याचा बॉल हमखास जाळ्यात जायचा. आमच्या दोघींचं जमायचं. मी तिला सोलकढी शिकवली होती, तिने मला रसम. पण त्या दिवशी खेळ फार अटीतटीचा झाला. खुर्चीवर नागमणी होती, कारण आदल्या मॅचमध्ये ती हरली होती.

क्षमाला एक पॉइंट हवा होता. राजमने लांबून जोरात मारला, क्षमाने बॉल सोडून दिला, तो मागच्या रेघेजवळ पडला. नागमणी ओरडली, "बयट!" म्हणजे बाहेर. मॅच संपली.

राजमने हात वर केला. "उळ्ळे! उळ्ळे!" आत, आत म्हणत ती जाळ्याला वळसा घालून खूण बघायला आली. खूण बघायचा तिला हक्कच होता. पण तोवर क्षमा आनंदाने जागच्या जागी दोन-तीन उड्या मारून बसली होती. राजम पोचली तेव्हा रेघेपाशी फक्त बुटांचे ठसे होते.

राजम खाली बघत राहिली. मग क्षमाकडे बघितलं.

"मी मुद्दाम नाय केलंय," क्षमा म्हणाली. घाबरली की ती मालवणीवर यायची. राजमला ते कितपत कळलं कोण जाणे. तिने हात मिळवला, पण बोटांच्या टोकांनी. निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बॉल आत होता की बाहेर? मला विचाराल तर बाहेर. पण मी आत्या आहे. माझी साक्ष कोण धरणार?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटची सेमीफायनल हरणाऱ्याने फायनलला खुर्चीवर बसायचं. म्हणजे उद्या क्षमाच्या डोक्यावर राजम.

मी तडक कांबळेमामांच्या खोलीवर गेले. ते पोराचा सदरा इस्त्री करत होते.

"मामा, उद्या राजम बसली तर पोरीची वाट लागली. माणूस बदला."

"कशापायी?"

"तिच्या मनात राग आहे म्हणून! आंधळ्यालाही दिसेल."

"हरणाऱ्याच्या मनात राग असायचाच की. आपण कवा राग नसलेला माणूस बसवलाय?" ते इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले. "बाई, उद्या तिला उठवलं, तर आजवर जे जे हरून बसले त्या समद्यांवर आपला भरवसा नव्हता असं होतंय. मग स्पर्धाच बंद करू."

मी तावातावाने घरी आले आणि क्षमाला सांगितलं, की तूच तक्रार कर, खेळाडूचं ऐकतील. ती पितळी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बसांदे तिका."

"अगो, पण..."

"आत्या, बसांदे."

मी कपाळाला हात लावला. दोन्हीकडे सारखेच शहाणे.

रविवारी सकाळी संघटनेचे निरीक्षक आले. अनंत कर्णिक नाव. पांढरी टोपी, पांढरे बूट, अगदी धुतल्या तांदळासारखे. शेणाचं कोर्ट बघून त्यांनी काही नाक मुरडलं नाही, उलट वाकून बोटाने चाचपून बघितलं. पण राजम खुर्चीवर चढली तेव्हा त्यांनी कांबळेमामांना विचारलं, "अंपायर कुठून आणलेत?"

"हितलीच. काल हरली."

"कुणाकडून?"

मामांनी क्षमाकडे बोट दाखवलं. कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. "आणि स्कोअर कुठल्या भाषेत सांगणार?"

"तमिळ."

"नियमाप्रमाणे दोघी खेळाडूंना समजलं पाहिजे," कर्णिक म्हणाले, आणि फायनलमधल्या दुसऱ्या मुलीकडे वळले. ती पन्ना मेहता, घाटकोपरची. तिला रीतसर कोच होता, दोन रॅकेटी होत्या, आणि मुलगी गुणी होती, उगाच कशाला खोटं बोलू. "तुला तमिळ येतं का?"

"चालीस सुधी आवडे छे, अंकल," पन्ना हसून म्हणाली. चाळीसपर्यंत येतं.

कर्णिकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

खुर्ची म्हणजे आमच्या वेल्डिंगवाल्यांनी लोखंडी अँगल जोडून केलेला उंच मचाण होता. त्यावर राजम ताठ बसली होती, वर छत्री बांधलेली. मी अगदी समोर, रेघेच्या जवळ जागा धरली. राजमने एक जरी बॉल खाल्ला तर मी तिला तिथेच धरणार होते.

पहिला सेट क्षमाने घेतला. मी प्रत्येक बॉलच्या मागे मान फिरवत होते. क्षमाचा एक बॉल कडेच्या रेघेला जेमतेम चाटून गेला, चुना किंचित उडाला. मला वाटलं, आता गेला. वरून आवाज आला, "उळ्ळे." पन्नाच्या कोचने हात पसरले. राजमने त्याच्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या सेटमध्ये पन्नाचा एक बॉल मागे पडला. मला आत वाटला. खरंच सांगते, मला, क्षमाच्या आत्याला, तो आत वाटला आणि मी मनातल्या मनात तो पॉइंट सोडून दिला. "वेळिये," राजम म्हणाली. बाहेर. पन्ना जाऊन खूण बघून आली आणि मान डोलावून परत जागेवर गेली.

मी चोर पकडायला बसले होते आणि चोर सापडत नव्हता. उन्हं चढली, राजमच्या कानशिलावरून घामाचे ओघळ उतरत होते, पण तिचा आवाज सकाळी होता तसाच होता. पदिनंजु, मुप्पदु. कालचा राग कुठे गेला होता? गेला नव्हता. चेहरा दगडासारखाच होता, क्षमाकडे बघताना डोळे तसेच थंड होते. राग मांडीवर घेऊन बसली होती ती, आणि त्याला तोंड उघडू देत नव्हती. मला आधी भीती वाटली आणि मग तिच्याकडे बघत राहावंसं वाटलं. मी अर्धी मॅच क्षमाला सोडून राजमलाच बघत होते, हे सीतारामने नंतर मला ऐकवलं.

दुसरा सेट पन्नाने घेतला. तिसऱ्यात दोघी बरोबरीने चढत गेल्या. कॉलनीतली माणसं ओरडून ओरडून दमली आणि मग गप्प झाली. पन्नाला मॅच जिंकायला एक पॉइंट उरला. क्षमाने आयुष्यात मारला नसेल असा फटका मारला, सरळ, खोल, पन्नाच्या मागच्या कोपऱ्यात. पन्ना जागची हललीसुद्धा नाही. कॉलनी उठून नाचायला लागली.

"वेळिये," राजम म्हणाली.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला. "चीटिंग! चीटिंग!" कुणीतरी ओरडलं. फाउंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले समोरासमोर आले. कर्णिक उठले. आणि मी? मी तर त्यांच्याही आधी कोर्टात घुसले होते. डोक्यात नुसता जाळ. बँक, दादा, अंगणातला बाक, सगळं एकदम दिसत होतं. मी तरातरा त्या कोपऱ्याकडे निघाले.

"आत्या, पाय मागे घे! खूण पुसतली!"

क्षमा ओरडली होती. मी एक पाय उचललेला, तशीच थबकले. माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर रेघ होती आणि तिच्यापलीकडे ती खूण.

क्षमा वळसा घालून आली. खुणेपासून लांब, एकेक पाऊल जपून टाकत, देवघरात निरांजन लावून ठेवलेलं असावं तशी. वाकली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत राहिली. आम्ही सगळे तिला बघत राहिलो. रेघ आणि खूण यांच्यामध्ये सारवलेल्या जमिनीची दोन बोटं रुंद पट्टी कोरी होती. मला उभ्याउभ्या दिसत होती. डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

तिने पाय जरासा फिरवला असता, खूण पुसली असती आणि कॉलनीच्या गलक्यापुढे राजमचा एकटीचा शब्द उरला असता तर? फाउंड्रीवाले आणि मशीन शॉपवाले अजून लांब होते. कर्णिक यायचे होते. मी तर तिचीच. पन्ना होती म्हणा जवळ, पण रडवेल्या पोरीचा पाय घसरला म्हणून पन्नाने काय केलं असतं?

"बॉल भायर पडलो हा," क्षमा म्हणाली. आधी हळू. मग उठून उभी राहिली आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाली, "भायर!"

गलका विझला. तिने जाऊन पन्नाशी हात मिळवला. पन्नाच रडत होती.

राजम मचाणावरून उतरली. क्षमासमोर उभी राहिली. दोघींची कुठलीच भाषा धड एक नव्हती, म्हणून राजम आमच्या मुंबईच्या हिंदीत बोलली, एकेक शब्द शोधून.

"कल का बॉल, मेरे को मालूम नहीं. अंदर, बाहर, नहीं मालूम. आज का मालूम."

क्षमाने मान हलवली. राजमने आपल्या कासोट्यात खोचलेला रुमाल काढून तिच्या कपाळावरचा घाम टिपला, जरा घाईनेच, आणि तो रुमाल तिच्याच हातात ठेवून निघून गेली.

मला रडू आवरेना. मॅचसाठी नव्हे. म्हणजे मॅचसाठीही. दादाला काय सांगू, हा प्रश्न छातीवर धोंड्यासारखा येऊन बसला. आणि त्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की आता पुरुषांची दुहेरीची फायनल.

सीतारामचीच होती ती. तो आणि टूल रूममधला जसबीर, विरुद्ध पेंट शॉपचा वर्गीस आणि सीतारामच्याच मशीन शॉपमधला माणिक. एक मालवणी, एक पंजाबी, एक मल्याळी आणि एक खानदेशी, चौघंही आडदांड, आणि भांडणात चौघंही अव्वल. मधल्या मचाणावर कोण बसणार? ज्या कोर्टावर जी हरली ती.

मी कांबळेमामांना गाठलं. "मामा, तुमच्या पाया पडते, तिला सोडा. पोरीची नोकरी गेली हो. मी घरी घेऊन जाते."

मामांचा चेहरा उतरलेला होता. त्यांना सगळं माहीत होतं.

कर्णिक पुढे झाले. "मी बसतो," म्हणाले. "माझ्याकडे अंपायरिंगचा दाखला आहे. त्या मुलीला आज जाऊ द्या." माणूस भला होता. सीताराम म्हणाला, "जांदे गो तिका, घेऊन जा." जसबीरही म्हणाला, "बच्ची को जाने दो यार." जन्मात पहिल्यांदा चौघांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

मी क्षमाला शोधायला वळले तर ती नळावर होती. वाहत्या पाण्याखाली तोंड धरून उभी. बराच वेळ तशीच. मग तिने राजमच्या रुमालाने तोंड पुसलं, माझ्या बाजूने गेली, कर्णिकांच्या बाजूने गेली, आणि मचाणाची पहिली पायरी धरली.

"क्षमा," मी म्हटलं, "घरी जाऊया गो."

"हरलंय मां मी?" ती म्हणाली. "मग बसूक होया."

चढून बसली. वरून तिने चौघांकडे बघितलं. डोळे सुजलेले, नाक लाल, वय वर्षं एकवीस. आमच्या घरी कोपऱ्यात चटई टाकून झोपणारी, माझ्या हातची आमटी खाणारी ही पोर. मला ती ओळखू येईना. इतकी उंच कधी झाली होती ती? देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा छातीत जसं काहीतरी हलतं, तसं मला त्या गंजक्या लोखंडी मचाणाकडे बघून झालं. कर्णिकांनी डोक्यावरची टोपी काढली होती. ऊन होतं तरी.

पहिल्या पॉइंटला तिचा आवाज चिरकला. "पंधरा-शून्य." दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला अजिबात नाही. वर्गीसने एकदा तिच्याकडे बघून हात उडवला, तिने परत तेच शब्द तसेच सांगितले, आणि तो गुमान जागेवर गेला. तिची मालवणी नव्हती त्याला येत. पण त्याची जीभच वर आली नाही.

मग सीतारामने बॉल मारला. माझ्या नवऱ्याचा तो ठेवणीतला फटका, ज्याच्यावर तो वर्षभर फुशारक्या मारायचा. कडेच्या रेघेवर पडला. किंवा पडला नाही. फार महत्त्वाचा पॉइंट होता, सेट त्यावरच होता.

"भायर," क्षमा म्हणाली.

सीतारामने गर्रकन वळून वर बघितलं. मला त्याचा स्वभाव ठाऊक. रॅकेट टाकून घरी येणारा माणूस तो. आणि ही त्याच्याच घरात राहणारी, त्याचं मीठ खाणारी, त्याने खांद्यावर बसवून राणीच्या बागेत नेलेली पोर. त्याने तोंड उघडलं. ती वरून त्याच्याकडे बघत होती, शांत, लालभडक डोळ्यांनी. खूण बघायची असेल तर जाऊन बघा, असं बघत होती.

त्याने खूण बघितलीच नाही. तोंड मिटलं, हात वर केला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

माझ्या शेजारी नागमणी उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला होता. ती पुटपुटत होती ते तेलुगू होतं, चाळीसच्या पलीकडचं, मला एक अक्षर कळलं नाही.

दादाला काय सांगायचं ते माझं तिथेच ठरलं. उद्या गावी जायचं आणि त्या बाकावर त्याच्या शेजारी बसून आधी हे सांगायचं, की दत्ताराम, तुझी मुलगी हरली, आणि मग ती कुठे जाऊन बसली ते ऐक. नोकरीचं त्यानंतर.